रेघेची बखर

गेल्या दिवाळीत आमच्या घरी आकाशकंदिलावरून एक लहानसे रामायण घडले. माझा भाचा पुण्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीला आला तो लॅपटॉप काखोटीला मारूनच, आणि पाणी पिण्यापूर्वी त्याने जाहीर केले, "मामा, यंदा काड्या बांधत बसायचं नाही. कंदील मी कॉम्प्युटरवर करणार." अर्ध्या तासात पडद्यावर बारा पंचकोनी भिंतींचा एक देखणा कंदील गरगर फिरू लागला. मग त्याने तो उलगडून सपाट केला, कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणला, कात्रीने बिनचूक कापला, घड्या पाडल्या आणि थांबला. कडेला कड तंतोतंत भिडत होती; परंतु कड कडेला चिकटवायची कशी?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, झोपाळ्यावर बसून हे सारे पाहत होते. ते शांतपणे म्हणाले, "अरे, सगळं झालं खरं; पण डिंक कुठं लावणार?"

सारे घर हसले. भाचाही हसला. मला मात्र ते हसणे थोडे बोचले. त्याचे कारण सांगायचे तर मला आधी अण्णांविषयी, आणि मग थेट फ्रान्सच्या एका किल्ल्याविषयी सांगावे लागेल.

अण्णा एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले आणि पुढे ड्राफ्ट्समन झाले. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, रुलिंग पेन आणि काळी शाई ही त्यांची आयुधे. ट्रेसिंगच्या कागदावर चुकीची रेघ गेली तर ती ब्लेडने इतकी हलकी खरवडायची, की कागदाला कळता कामा नये. मुद्रणाच्या यंत्रातल्या अमोनियाचा वास त्यांच्या सदऱ्याला येई. आमच्या लेखी तो अण्णांचाच वास होता. १९९७ साली त्या ऑफिसात संगणक आले. एका आठवड्यात उतरती टेबले उचलली गेली आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवण्यात आले. त्यात इच्छा कुणाची होती हे मी आजवर शोधतो आहे. मी त्याच वर्षी मॅट्रिक झालो होतो. पॉलिटेक्निकचा अर्ज आणून ठेवलेला होता, तो तसाच राहिला. पुढे चित्रकलेचा शिक्षक झालो, फावल्या वेळात दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या. पण संगणकावरच्या रेघेशी माझे वैर जडले ते कायमचे.

हे वैर असेच चालले असते, परंतु मागच्या वर्षी इंटरमीजिएट परीक्षेच्या तयारीत, घनभूमितीच्या तासाला, एका मुलीने विचारले, "सर, हे सगळं कॉम्प्युटर करतो ना? मग आम्ही कशाला काढायचं?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. "परीक्षेला आहे म्हणून," असे काहीतरी मी पुटपुटलो. शिक्षकाने दिलेले हे सर्वांत वाईट उत्तर होय. त्या दिवसापासून मी या रेघेचा इतिहास वाचू लागलो. मी इतिहासकार नव्हे. वाचता वाचता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. बुरूज, तट, वर मावळे. शेजारचा एखादा खट्याळ मुलगा ओट्यावर चढून म्हणतो, "इथून मी तोफ मारली तर तुझा राजा मेला!" अठराव्या शतकात फ्रान्सच्या लष्करी अभियंत्यांना नेमका हाच पेच होता. भोवतालच्या टेकड्यांवरून शत्रूची नजर आणि मारा आत पोचू नये, इतका तट कुठे किती उंच हवा? याची गणिते फार लांबलचक असत. मेझिएर येथील लष्करी विद्यालयात गास्पार मोंज नावाचा एक तरुण होता. त्याचा जन्म १७४६ चा, बोन गावच्या एका साध्या व्यापाऱ्याच्या घरातला. कुळ मोठे नसल्यामुळे त्याला अधिकाऱ्यांच्या वर्गात जागा नव्हती. नकाशे काढणे आणि नमुने करणे हे त्याचे काम. त्याला हा तटाचा प्रश्न सोडवायला दिला, तेव्हा त्याने आकडेमोड बाजूला सारून तो रेघांनी सोडवला आणि इतक्या लवकर सोडवला, की वरिष्ठ कागद पाहायलाच तयार होईना. एवढ्या वेळात हे गणित होणेच शक्य नाही, असे त्याचे म्हणणे होते, असे मोंजचे चरित्रकार सांगतात.

मोंजची युक्ती आज आमच्या शाळेतला मुलगाही वापरतो. खोलीच्या कोपऱ्यात एखादी वस्तू अधांतरी धरली आहे अशी कल्पना करा. तिच्या प्रत्येक टोकातून जमिनीवर सरळ लंब टाकला की वस्तूचा ‘प्लॅन’ मिळतो. समोरच्या भिंतीवर टाकला की ‘एलेव्हेशन’. आता ती भिंत बिजागरीवर फिरवावी तशी जमिनीवर आडवी पाडा. दोन्ही चित्रे एकाच कागदावर आली, आणि त्या दोन सपाट चित्रांत मिळून अख्खी घनवस्तू बंदिस्त झाली. तिची कोणतीही तिरपी लांबी, कोणताही कोन, कोणताही छेद आता कागदावरूनच काढता येतो.

ही विद्या इतकी कामाची ठरली, की लष्कराने ती कुलुपात घातली. कित्येक वर्षे मोंजला ती बाहेर बोलण्याची मनाई होती. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, १७९४ साली एकोल पॉलितेक्निकची पायाभरणी झाली, आणि १७९५ साली मोंजने पॅरिसमध्ये ही भूमिती उघडपणे शिकवली. लघुलेखकांनी ती व्याख्याने उतरून घेतली. १७९९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. मला या कथेतला हाच भाग मोठा वाटतो. ज्या माणसाला कुळापायी वर्गाबाहेर ठेवले, त्यानेच पुढे ती विद्या साऱ्यांच्या फळ्यावर आणली.

फळ्यावर आलेली विद्या मग थांबत नाही. वाफेच्या यंत्रांच्या शतकात रेघ ही कारखान्याची भाषा झाली. एका गावी काढलेले चित्र वाचून दुसऱ्या गावचा कारागीर तोच भाग घडवू लागला. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने निळ्या छायाचित्रणाची रासायनिक पद्धत शोधली आणि पुढे तिच्यातून ‘ब्लूप्रिंट’ निघाली. आपल्याकडे १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले ते सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याकरिता. त्याचेच पुढे पुण्याचे इंजिनीअरिंग कॉलेज झाले, जिथे विश्वेश्वरय्या शिकले. तिथून पुढे शतकभर आपल्या मुलांनी ड्रॉइंग बोर्डावर कागद ताणला, पेन्सिलीला टोक काढले आणि ते प्लॅन-एलेव्हेशन गिरवले. एन. डी. भट्ट यांचे जाडजूड पुस्तक, पाठीवर गुंडाळ्या कागदांची नळी आणि हातात मिनी ड्राफ्टर, ही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलाची ओळख होती.

इथवर रेघ माणसाच्या हाताची होती. ती यंत्राच्या हाती कशी गेली?

अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठात स्टीव्हन कून्स नावाचे एक प्राध्यापक होते. मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना रेखाटन शिकवणे हेच त्यांचे काम. त्या विषयावर त्यांचे एक पाठ्यपुस्तकही होते. म्हणजे आमच्याच जातीचे, ड्रॉइंगचे मास्तर! त्यांना वाटे, की आकृती काढण्याची कष्टाची बाजू यंत्राने उचलावी आणि कल्पना माणसाने करावी. दोघांनी समोरासमोर बसून काम करावे. त्याच विद्यापीठात आयव्हन सदरलंड हा चोवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने जानेवारी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ या नावाचा प्रबंध सादर केला. तो तपासणाऱ्यांत कून्स होते.

सदरलंडने केले ते असे. खोलीभर पसरलेल्या ‘टी.एक्स.-२’ नावाच्या संगणकाच्या वीतभर पडद्यावर तो प्रकाशाच्या लेखणीने रेघा ओढी. चौकोन वाकडातिकडा आला तरी हरकत नाही. मग तो यंत्राला सांगे, ही रेघ त्या रेघेला समांतर, ही हिला काटकोनात, या दोन सारख्या लांबीच्या. की चित्र हालून आपोआप सरळ होई. आणि एक बाजू ओढली तर बाकीच्या बाजू आपले नाते न सोडता तिच्यामागे येत.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आजवर माझी समजूत अशी, की संगणक म्हणजे जलद हात. पण हा प्रकार निराळा होता. कागदावर शाईची रेघ एकदा पडली की ती मुकी. शेजारच्या रेघेशी तिचे नाते काय, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. सदरलंडच्या पडद्यावरील रेघेला आपले नातेवाईक ठाऊक होते! मात्र ती नाती तिला कुणीतरी सांगावी लागत.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोटारींच्या दोन कारखान्यांत एकाच प्रश्नाशी दोन माणसे झुंजत होती. मोटारीचे अंग म्हणजे सगळीच वळणे; त्यांना ना कंपास लागू, ना पट्टी. कलावंत मातीचा नमुना करी, त्यावरून चित्र, चित्रावरून लाकडी साचा, साच्यावरून ठसा. प्रत्येक पायरीवर वळण थोडे बदले, आणि खरे कोणते यावर भांडण होई. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो या तरुण गणितज्ञाने १९५९ च्या सुमारास यावर तोड काढली. परंतु कंपनीने ती गुपित म्हणून ठेवली. मोंजच्याच नशिबाची ही पुनरावृत्ती. रेनो कंपनीतले पिएर बेझिए हे अनुभवी यांत्रिकी अभियंते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मनांची कैदही भोगलेली. त्यांनी स्वतंत्रपणे तेच वळण गाठले, पण ते प्रसिद्ध केले. म्हणून आज साऱ्या जगात त्या वळणाला बेझिएंचे नाव आहे. हे गृहस्थ १९६८ पासून पॅरिसच्या एका संस्थेत प्राध्यापक म्हणूनही शिकवू लागले, आणि १९७७ साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. आजोबा मंडळींनी याची नोंद घ्यावी!

हे वळण काय आहे ते आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. ठिपक्यांच्या रांगोळीत हात एका ठिपक्यापासून निघतो, मधल्या ठिपक्यांकडे झुकतो पण त्यांना न शिवता पुढे जातो आणि शेवटच्या ठिपक्यावर टेकतो. तसेच हे. चार ठिपके घ्या. ओळीने जोडा, तीन रेघा झाल्या. प्रत्येकीचा मध्य काढा, तीन बिंदू. ते जोडून पुन्हा मध्य काढा, दोन बिंदू. ते जोडून आणखी मध्य, एक बिंदू. तो वळणावर आहे. मध्याऐवजी प्रत्येक वेळी पाव अंतर घ्या, दुसरा बिंदू मिळेल. पाऊण घ्या, तिसरा. कास्तेल्जोंची रीत ती हीच. यासाठी पट्टी आणि पेन्सिल पुरते. मी हे आठवीच्या वर्गात करून घेतो, आणि शेवटी बिंदू जोडताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

पुढची कथा झपाट्याची आहे. ही यंत्रे लाखांच्या किमतीची होती तोवर मोठ्या विमान आणि मोटार कंपन्यांपुरतीच राहिली. १९८२ च्या डिसेंबरात ‘ऑटोकॅड’ आले आणि टेबलावरच्या लहान संगणकावर रेखाटन होऊ लागले. १९८५ साली सोव्हिएत देशातून अमेरिकेत आलेल्या सॅम्युअल गाइसबर्ग या गणितज्ञाने कंपनी काढली आणि घनवस्तू मापांच्या नात्यांनी बांधण्याचा कार्यक्रम बाजारात आणला. सदरलंडचे ते जुने स्वप्न कारखान्यात उतरले. १२ जून १९९४ रोजी बोइंग ७७७ हे विमान प्रथम उडाले. ते पूर्णपणे संगणकावर रेखाटलेले होते. आपल्याकडे १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि गावोगावी कॉलेजे निघाली. ती मुले पास होऊन बाहेर पडू लागली तो ड्रॉइंग बोर्ड मागे पडत चालले होते. २०१८ च्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी कागदावरच्या भूमितीबरोबर संगणकावरचे रेखाटन बसले आहे. म्हणजे १९९७ ला आमच्या घरावर जे कोसळले, ते तीस-पस्तीस वर्षे जगभर दाटून आलेले आभाळ होते. हे कळल्याने दुःख कमी होते असे नाही. पण राग कुणावर धरावा हे तरी निवळते.

आता पुन्हा आमच्या ओसरीवर येतो. कंदिलाच्या त्या फजितीनंतर रात्री भाचा अभ्यासाला बसला. कॉलेजने दिलेले काम: एक पोलादी पट्टी, चाळीस मिलिमीटर रुंद, मध्यावर भोक. अण्णा चष्मा पुसत शेजारी जाऊन बसले.

"भोक कुठं आहे?"

"कडेपासून वीसवर, आजोबा."

"वीसवर आहे, की मध्यावर आहे?"

"चाळीसचं निम्मं वीस! एकच ना ते?"

"मग पट्टी साठची कर बघू."

भाच्याने चाळीसच्या जागी साठ टाकले. पट्टी रुंदावली. भोक मात्र जिथल्या तिथे, एका कडेला चिकटून केविलवाणे उभे राहिले. भाचा आजोबांच्या तोंडाकडे पाहतच राहिला. कॉलेजात ‘डिझाइन इंटेंट’ म्हणून जे प्रकरण सर चार तास सांगत होते, ते आयुष्यात कधी माऊस न धरलेल्या माणसाने चार वाक्यांत पकडले होते!

अण्णा म्हणाले, "अरे, आम्ही माप कुठून द्यायचं यावर तासतास भांडायचो. फिटर त्याच कडेपासून मोजणार. भोक मध्यावर हवं असेल तर मधली रेघ काढून दोन्हीकडे माप द्यायचं; कडेशी काही बसायचं असेल तर कडेपासून. आकडा तोच, पण सांगणं वेगळं."

मग भाच्याने आपली एक जखम उघडी केली. उन्हाळ्यात एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून असताना त्याने एका ठोकळ्यात चौकोनी खळगा काढून दिला होता. पडद्यावर चारही कोपरे सुरीसारखे. मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून विचारले, "साहेब, कटर गोल असतो, हा कोपरा मी नखाने काढू?" सारे वर्कशॉप हसले होते. मुलगा घरी काही बोलला नव्हता. दोन दिवस जेवला नव्हता, हे माझ्या बहिणीने मला नंतर सांगितले. पडद्याने त्याला कोपरा काढू दिला, कारण पडद्याला कटर ठाऊक नाही. आणि कटर त्याला अजून कुणी दाखवला नव्हता.

मला वाटते, मेकॅनिकलच्या मुलांना संगणकावर रेखाटन शिकवण्याचे सारे मर्म या दोन गोष्टींत आहे. कोणते बटन दाबले म्हणजे काय होते, हे शिकवायला आठवडा पुरतो, आणि दोन वर्षांनी ती बटने बदलतात. न बदलणारे ते निराळे आहे: वस्तू डोळे मिटून दिसली पाहिजे, तिच्या कोणत्या मापाचे कोणत्या मापाशी नाते आहे ते सांगता आले पाहिजे, आणि ती कुणाच्या हातून, कोणत्या हत्याराने घडणार आहे याची जाण पाहिजे. मोंजने शिकवले ते पहिले. सदरलंडने यंत्राला ऐकायला लावले ते दुसरे. तिसरे मिस्त्रींकडे आहे, आणि ते शिकायला वर्कशॉपच्या पायऱ्या उतराव्या लागतात. १९९७ साली टेबले उचलणाऱ्यांनी अण्णांचे हात मोजले, आणि यंत्राचे हात अधिक जलद ठरले. त्यांची नजर मोजण्याचे कुणाला सुचले नाही. नव्या यंत्रापुढे बसवून त्यांना सहा महिने दिले असते तर? हा प्रश्न मी अण्णांना कधी विचारला नव्हता. त्या रात्री विचारला. ते म्हणाले, "मला कुणी ‘बसा’ म्हणालंच नाही रे." आणि सुपारी कातरू लागले.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलीला उत्तर दिले. म्हटले, "बाई, कॉम्प्युटर काढतो हे खरं. पण काय काढायचं ते त्याला सांगावं लागतं, आणि सांगायला आधी दिसावं लागतं. आपण हे कागदावर करतो ते दिसण्यासाठी." तिला ते कितपत पटले कोण जाणे, पण तिने पेन्सिलीला टोक मात्र काढले.

कंदिलाचे काय झाले, हे वाचकांना सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी भाच्याने कागद-पेन्सिल घेऊन मोजले. बारा पंचकोनांच्या मिळून कडा तीस. त्यांतल्या अकरा घड्यांच्या. उरल्या एकोणीस, तेव्हा डिंकासाठी एकोणीस पट्ट्या. विजयी मुद्रेने त्याने आकडा आजोबांपुढे ठेवला.

अण्णा म्हणाले, "आणि दिवा कुठून आत घालणार?"

भाच्याने कपाळावर हात मारला, खालचा एक पंचकोन झाकणासारखा उघडता ठेवला, त्याच्या चार पट्ट्या खोडल्या आणि पंधराच ठेवल्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो कंदील आमच्या दारात लागला. जरासा डावीकडे कलला होता खरा. पण ती चूक दोरी बांधणाऱ्याची, म्हणजे माझी होती.